वाचकांचे प्रश्न : रविवारचा कॉल दरवेळी भांडणावर का जातो?

प्रश्न : आम्ही तिघं भावंडं. आईचं ऑपरेशन झाल्यापासून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, तिच्याजवळ कोण कधी राहणार ते ठरवायला. पण मी विचारलं की "या महिन्यात कोण किती दिवस आलं?", की दादा भडकतो, "म्हणजे मी काहीच करत नाही का!" आणि धाकटी कॅमेराच बंद करते. मैत्रीण म्हणते फ्रेमिंग शिक, म्हणजे तीच गोष्ट कोणत्या शब्दांत, कोणत्या बाजूने मांडायची ते. पण ते गोड बोलून आपलंच घोडं पुढे दामटण्यासारखं नाही का?

उत्तर : ताई, तुमच्या मनात नसेलही, पण तुमचा प्रश्न हिशेब मागतोय, आणि हिशेब मागितला की माणूस आधी स्वतःला वाचवतो, आईचं राहतं बाजूला. प्रश्नातल्या एका शब्दाने किती फरक पडतो बघा. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि स्पीड विचारला. "गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून थोडं जास्त, "गाड्या टेकल्या तेव्हा" म्हटलं तर ३१.८, फिल्म त्याच बरं का. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? चक्काचूर ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, आणि काच फुटलेलीच नव्हती!

म्हणून पहिलं वाक्य बदला. "आईला दुपारची औषधं द्यायला आणि फिजिओकडे न्यायला माणूस लागतंय, पुढचे पंधरा दिवस कसं जमवूया?" आता तिघंही एकाच बाजूला बसून आईकडे बघताय. तरी दादा चिडलाच तर "मी तसं म्हटलंच नाही" असं नका म्हणू, कारण मग पुढचा अर्धा तास तुम्ही काय म्हणालात यावरच जातो. त्यापेक्षा "बिलांचं सगळं तू बघतोस ते मी धरलंच नव्हतं, तेही यादीत घेऊ" म्हणा, अर्थात तो खरंच बघत असेल तरच, खोटी स्तुती लगेच कळते.

आता घोडं दामटण्याचं. तुमची शंका रास्त आहे, फ्रेम लपवून वापरली तर ती चलाखीच. उघड सांगा, "आज फक्त पुढचे पंधरा दिवस बोलूया, चालेल का?" आणि धाकटी म्हणाली की नाही, मला मागच्या महिन्याचंच बोलायचंय, तर ते आधी होऊ द्या, तिचं काहीतरी साचलं असणार.

आणि एक, तुमच्या प्रश्नावरून वाटतं की जास्तीत जास्त दिवस तुम्हीच काढताय. तसं असेल तर ते "कोण किती दिवस आलं"मध्ये गुंडाळून विचारू नका हो, सरळ म्हणा, "मी थकलेय, आठवड्यातून दोन रात्री मला झोप हवीय, त्या कोण घेतंय?"