गहू बंद करून मग सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनने लहान आतडं खराब होण्याच्या आजाराची) तपासणी केली तर चालेल का?

नाही, उलट करा. आधी रक्त तपासायला द्या, मग पोळी सोडा.

तुम्ही लिहिलंय की पोट फुगतं, शौचाला पातळ होतं आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सीलिॲकमध्ये नेमका तोच भाग खराब होतो. त्यामुळे शंका रास्त आहे.

पहिली तपासणी टीटीजी आयजीए, म्हणजे सीलिॲकमध्ये रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीची. सोबत एकूण आयजीए (हा अँटीबॉडीचा एक प्रकार) मागून घ्या, हे बरेचदा राहून जातं. ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं त्यांचा टीटीजी आजार असूनही निगेटिव्ह येतो. गहू सोडला की या अँटीबॉडी हळूहळू उतरतात आणि बायोप्सीतही (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) आतडं सुधारलेलं दिसू शकतं. आधीच भाकरीवर आला असाल तर डॉक्टर साधारण ६ ते ८ आठवडे रोज गहू खाऊन मग तपासायला सांगतात.

टीटीजी वाढलेला आला तर मोठ्यांमध्ये सहसा एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे तपासतात. निगेटिव्ह आला तर पुढे लॅक्टोजसाठी (दुधातली साखर पचते का ते पाहायला) श्वासाची हायड्रोजन चाचणी, स्वादुपिंडासाठी शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडातून येणारा पाचक रस). (इलास्टेजला पाण्यासारखा नमुना देऊ नका, आकडा खोटा कमी येतो.)

आणि ते शंभर पदार्थांचं महागडं आयजीजी (अँटीबॉडीचा आणखी एक प्रकार) 'फूड इनटॉलरन्स' पॅनेल? पैसे वाया. तो आकडा तुम्ही काय खाता एवढंच सांगतो.