शेकोटी विझली का, हाताला विचार

पहिल्यांदाच तंबू घेऊन निघालायस ना? मग काटक्या गोळा करायच्या आधी तिथल्या माणसाला विचार, आज जाळ चालतो का. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत बंदी असू शकते. जाळ आखलेल्या खड्ड्यातच, गुडघ्याएवढाच. लाकूड जवळपासचंच घे. लांबून नेलेल्या लाकडातून कीड पसरते. प्लास्टिक टाकू नकोस (हेही सांगावं लागतं!).

खरी गफलत विझवताना होते. मी एकदा नुसती माती लोटून झोपलो. पहाटे वाऱ्याने माती उडाली आणि खालचे निखारे लालबुंद. म्हणून पाणी ओत, काठीने तळापासून ढवळ, चर्र आवाज थांबेपर्यंत परत ओत. मग हाताची मागची बाजू राखेजवळ ने. धग लागली तर अजून एक बादली.