पातं नंतर बघा, आधी मूठ

जुनी शस्त्रं जतन करणं हा माझा व्यवसाय. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मला भाचीने दाखवलं, आणि ते मी आवडीने बघतो. पण तेव्हापासून तलवारींचे जे प्रश्न येतात ते फिरून फिरून तेच. एकदाच उत्तरं देतो.

'डीमन स्लेअर'मध्ये तलवार ज्याच्या हाती जाईल त्याप्रमाणे रंग बदलते. असं पोलाद असतं का?

नाही. बाजारातल्या तलवारीवर असतो तो साधा रंग, आणि त्याचे पोपडे निघतात.

'रुरोनी केन्शिन'मधली उलट्या धारेची तलवार खरंच घडवत असत का?

लढाईचं हत्यार म्हणून असा प्रचलित प्रकार नव्हता. का, ते भट्टीपाशी कळतं. पाणी देण्याआधी पात्याला माती लिंपतात, पाठीला जाड आणि धारेला पातळ. लाल पातं पाण्यात गेलं की धार झटकन निवते, कडक होते आणि किंचित फुगते. पाठ सावकाश निवते. त्या ओढीत पातं पाठीकडे वाकतं. कतानाचा, म्हणजे लांब जपानी तलवारीचा, बाक बराचसा असा पाण्यात येतो. धार आतल्या अंगाला हवी असेल तर लोहाराला स्वतःच दिलेल्या पाण्याशी भांडावं लागेल. गोष्टीतली दुसरी बाब मात्र चोख आहे. जपानात तलवार कमरेला लावून फिरायला बंदी आली १८७६ मध्ये आणि केन्शिन हिंडतो १८७८ मध्ये, म्हणून पोलीस त्याला हटकतात.

'वन पीस'मधल्या झोरोची तलवार, 'हजार घड्यांचं पोलाद, बॅटल रेडी', साडेचार हजारांत मिळतेय. घेऊ का? गच्चीवर पाण्याच्या बाटल्या कापायच्या आहेत.

भिंतीवर लावायला घ्यायची तर आधी खालचं कायद्याचं उत्तर वाचा. कापायला घेऊ नका.

हजार घड्या कोणीही घालत नाही. दर घडीला थर दुप्पट होतात, म्हणजे दहा घड्यांत हजारावर आणि पंधरात बत्तीस हजारांवर. लोहार साधारण तिथेच थांबतो, कारण दर तापवणीला लोखंड जळतं आणि कार्बन घटतो. जाहिरातवाल्याने थरांचा आकडा घड्यांच्या नावावर खपवला आहे. अस्सल तलवारीचं तामाहागाने पोलाद शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत निघतं, तेही फक्त हिवाळ्यात. लोहवाळू आणि कोळसा घालत तीन दिवस, तीन रात्री भट्टी राखावी लागते. शिवाय जपानातल्या परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात. आता साडेचार हजारांचा हिशेब तुम्हीच मांडा.

आता मूठ. जपानी तलवारीचं पातं मुठीत खोलवर जातं आणि बांबूची खुंटी, मेकुगी, त्याला आरपार धरते. आपल्या तलवारीचं मुठीत जाणारं शेपूट आखूड असतं, ते राळेने बसवतात. दोन्ही पद्धती टिकाऊ आहेत. स्वस्त नकलेत पात्याच्या बुडाला पेन्सिलीएवढी सळई वेल्ड केलेली असते आणि टोकाला एक नट. जोराने फिरवलीत की वेल्ड सुटतं, मूठ तुमच्या हातात राहते आणि पातं शेजारच्यांच्या गच्चीत जातं. बाटल्याच कापायच्या असतील तर आधी गुरू शोधा. तो तुम्हाला पहिले काही महिने बाटलीजवळ फिरकू देणार नाही.

अशी तलवार घरी ठेवणं किंवा कॉसप्लेला (पात्राचा वेश करून जातात त्या कार्यक्रमाला) नेणं बेकायदा आहे का?

"धार नाही म्हणजे चालतं" हे विक्रेत्याचं मत आहे, कायद्याचं नव्हे. शस्त्र नियमांच्या यादीत तलवारी आहेत, आणि नऊ इंचांहून लांब पात्याची तत्सम हत्यारंही. ज्याचा खेळण्यापलीकडे काही उपयोगच होऊ शकत नाही, ते १९५९ च्या कायद्यातल्या व्याख्येबाहेर राहतं. तुमची धातूची नक्कल कुठे बसते हे विकत घेण्यापूर्वी वकिलाला विचारा, पकडल्यावर नव्हे. कार्यक्रमाला फोमची न्या, तिथे धातूला बहुधा दारातच अडवतात. तलवारीने केक कापायचा असेल तर मला पत्रच लिहू नका.

झोरोची कितेत्सु शापित आहे. खरे संग्राहक अशा शापांना घाबरतात का?

लोहाराच्या खोट्या सहीला घाबरतात. कितेत्सु गोष्टीतली, पण तशाच नावाचा कोतेत्सु खरा होता: सतराव्या शतकातला एदोचा (आजच्या तोक्योचा) लोहार, आधी चिलखतं करायचा. त्याच्या नावाने इतका बनावट माल फिरतो की कोतेत्सु दिसली की आधी खोटी समजावी, असं जपानी जाणकारच म्हणतात.

आजोबा मराठा पलटणीतून ब्रह्मदेशात लढले. त्यांनी आणलेली जपानी तलवार माळ्यावर आहे, गंजलीय. मुलगा ॲनिमे बघून ती घासून चकचकीत करायची म्हणतोय. लिंबू की पॉलिश पेपर?

दोन्ही नको! मुलाला म्हणावं, हात मागे घे.

त्या तलवारीची ओळख मुठीच्या आत आहे. लोहार सही करतो ती तिथे, आणि तिथला काळसर तपकिरी गंज हा मळ नसून वय आहे. जाणकार त्याचा रंग आणि पोत बघून काळ ठरवतात. एका घरी मी पोचलो तेव्हा तो भाग ग्राइंडरने आरशासारखा केलेला होता. सही अर्धी उडालेली, आणि यजमान कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत होते. मी चहा न घेताच निघालो.

युद्धकाळातल्या बऱ्याच लष्करी तलवारी कारखान्यात झाल्या, पाण्याऐवजी तेलात कडक केलेल्या. मुठीतल्या लोखंडावर छोटा शिक्का असतो. पारंपरिक पद्धतीने न घडवलेल्या अशा तलवारींची जपानात नोंदणीसुद्धा होत नाही. पण काही अधिकाऱ्यांनी घरातलं पिढीजात पातं लष्करी म्यानात घालून रणांगणात नेलं होतं. तुमच्याकडे यातलं काय आहे हे बाहेरून सांगता येत नाही, मलाही नाही. खुंटी हातोडीने ठोकू नका, पात्याला बोट लावू नका (घामाचा ठसा पुढे गंजाचा ठसा होतो), आणि यूट्यूबवरच्या कोणाचंही ऐकून व्हिनेगर ओतू नका.

आधी कागद. परवान्याचं काय झालं, आजोबांनंतर तो कोणाच्या नावावर आला, हे वकिलाला घेऊन पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा. मग संग्रहालयातल्या शस्त्र-संवर्धकाला फोटो दाखवा. आणि "दिवाळीनंतर बघू" असं करू नका. कोकणातला एक पावसाळा पात्याचं जे करतो ते मला नंतर भरून काढता येत नाही.

जपानहून अस्सल तलवार सामानातून आणता येईल का?

तिथून निघायला सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते, इथे उतरायला इथली. दोन्ही लेखी हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

माझी मुलगी 'तोकेन रानबु'मधल्या तलवारींच्या प्रेमात आहे. भिंतभर फोटो लावलेत. काळजी करू का?

नको. २०१५ च्या त्या खेळात जुन्या नामांकित तलवारी देखणे तरुण होऊन येतात, पुढे त्याचं ॲनिमेही झालं. तिच्यासारख्यांनीच संग्रहालयं भरवली. १५९० सालची यामानबागिरी कुनिहिरो ही तलवार २०१७ मध्ये जपानातल्या आशिकागा शहरात मांडली तेव्हा चाहत्यांनी रांगा लावल्या होत्या. काचेपलीकडून पातं बघत तासभर उभी राहणारी मुलगी मला बाटल्या कापणाऱ्यापेक्षा केव्हाही चालेल. तिची आवडती मिकाझुकी मुनेचिका असेल तर ती तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. धारेलगत चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतात, नावही त्यावरूनच पडलं. मात्र ती बारा महिने मांडलेली नसते. तिकीट काढण्याआधी संग्रहालयाला विचारा.