पेट स्कॅनआधीचा व्हिडिओ कॉल

प्रश्न : वडिलांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, केमो संपली. नाशिकच्या डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितलाय. आधी व्हिडिओ कॉलवरच बोलू म्हणाले. जुन्या स्कॅनच्या फिल्म खिडकीला लावून काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तर ते चालणार नाहीत म्हणतात. का? – एक वाचक, सुरगाणा

उत्तर : कारण फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत शेकडो काप, म्हणजे शरीराच्या पातळ थरांची चित्रं. मूळ डायकॉम फाइल (स्कॅनची चित्रं साठवायचा ठरलेला प्रकार) उघडली की तोच काप फुफ्फुसासाठी वेगळा, हाडासाठी वेगळा उजळून पाहता येतो, गाठ मोजता येते. फोटोत हे सगळं जातं, वर काचेची चमक येते. शिवाय पेटसाठी टोचलेलं साखरेसारखं किरणोत्सारी औषध, एफडीजी, जिथे जास्त जमतं ती जागा स्कॅनमध्ये चमकते. केमोचा परिणाम ठरवताना गाठीतली चमक यकृताच्या चमकेशी ताडून पाहतात आणि आधीच्या पेटशी तुलना करतात. ते फोटोवरून होत नाही.

सीडीतल्या दोन-चार फाइल उचलू नका. डायकॉमडिर नावाच्या फाइलसकट पूर्ण फोल्डर झिप करून ड्राइव्हवर चढवा आणि लिंक फक्त डॉक्टरांच्या ईमेलला उघडेल अशी ठेवा. आधी सीडी उघडून नाव, वय, तारीख वडिलांचीच आहे ना, हे नक्की बघा. फाइल काहीशे एमबीची होते. रेंज नसेल तर स्कॅन जिथे झाला त्या सेंटरला फोन करून तिथूनच थेट पाठवायला सांगा. छापील रिपोर्टचा फोटो मात्र चालतो, अक्षरं वाचता आली की झालं.

कॉलच्या वेळी शेवटच्या केमोची तारीख हाताशी हवी. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचीही, कारण त्याने अस्थिमज्जा सगळीकडे चमकते आणि आजार पसरल्यासारखा भासतो. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन कधी घ्यायचं ते तेव्हाच विचारून लिहून घ्या. मनाने बंद करू नका. साखर २०० च्या वर असली तर स्कॅन बहुतेक पुढे जातो. स्कॅनआधी सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी प्यायचं. आदल्या दिवशी अंगमेहनत नको. स्नायू औषध ओढून घेतात.

ताप, खोकला असेल तर घरून निघण्याआधी कळवा, लपवू नका. एफडीजी दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, साठवून ठेवता येत नाही. सुरगाण्याहून यायलाच काही तास जातात. दारातून परत फिरावं लागलं तर तुमचा दिवसही गेला आणि डोसही. वेळेवर कळलं तर तो दुसऱ्या रुग्णाला देता येतो.

प्रश्न : डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. कोविडची लस घेतल्यावर पेट स्कॅन कधी करावा? – एक वाचक, निफाड

उत्तर : लस उजव्या दंडात घ्या. लस घेतलेल्या बाजूच्या काखेतल्या लसिका ग्रंथी काही आठवडे चमकतात आणि कॅन्सर परतल्याची शंका येते. नेहमीची तपासणी असेल तर चार ते सहा आठवडे थांबलेलं बरं. उपचार स्कॅनवर अडले असतील तर मात्र एक दिवसही थांबू नका. फक्त लशीची तारीख आणि कोणता हात, हे कॉलवरच सांगा आणि फॉर्मवर लिहून घ्या.