दुसरा चंद्र गच्चीवरून का दिसला नाही?

प्रश्न : सर, २०२४च्या दिवाळीच्या सुमारास पृथ्वीला दोन महिने दुसरा चंद्र मिळाल्याच्या बातम्या होत्या. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. हट्टाने मला चार रात्री गच्चीवर घेऊन गेला, शेजाऱ्यांची दुर्बीणही मागून आणली. काहीच दिसलं नाही. बातमी खोटी होती असं तो अजून म्हणतो. खरं काय? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, मुलाचा राग मला पटतो. त्याच दिवसांत दिंडोरीजवळ एका द्राक्षबागेच्या बांधावर मी सहा इंची दुर्बीण लावत असे. दव इतकं पडायचं की नेत्रिका सारखी पुसावी लागे. माझ्या वर्गातली मुलं रांगेत उभी राहून हेच विचारायची, ‘सर, दुसरा चंद्र कुठंय?’

तो दगड होता, हे खरं. नाव २०२४ पीटी५, आकार जेमतेम १० मीटर, म्हणजे एसटीच्या एका गाडीएवढा. त्याची तेजस्विता २२व्या प्रतीची; प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, माझ्या दुर्बिणीला तेराव्या. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट मंद. हा हिशेब पुढे नेला तर माझ्या दुर्बिणीतल्या सर्वांत अंधुक ताऱ्यापेक्षाही तो चार हजारपट मंद निघतो. तुमच्या गच्चीची यात काही चूक नाही.

चूक ‘चंद्र’ या शब्दाची. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा तुम्ही केली असेल. समजा, मी तुमच्यापुढे जरा हळू चालतोय. तुम्ही मागून येऊन मला गाठता, थोडी वाट बरोबरीने जाते, मग तुम्ही पुढे निघून जाता. बरोबर चालताना मी तुमच्याशी बांधल्यासारखा वाटेन, पण दोघांची फेरी डोंगराभोवतीच चाललेली असते. इथे सूर्य म्हणजे ब्रह्मगिरी. पीटी५ची कक्षा जवळपास पृथ्वीच्याच कक्षेसारखी, किंचित मोठी. म्हणून त्याचं वर्ष आपल्यापेक्षा थोडं लांब. २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर २०२४ या काळात पृथ्वीच्या तुलनेत त्याचा वेग इतका कमी झाला की गणितापुरता तो पृथ्वीला बांधलेला ठरला. पण तेव्हा तो होता सुमारे ३५ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या नऊपट लांब. पृथ्वीची पकड टिकते ती साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंतच. त्यामुळे त्याची आपल्याभोवती एकही फेरी पूर्ण झाली नाही.

पृथ्वीच्या वाटेला इतक्या लगटून फिरणाऱ्या लघुग्रहांना खगोलशास्त्रज्ञ ‘अर्जुन’ गट म्हणतात, आपल्या महाभारतातल्या अर्जुनावरून. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते.

मुलाला पुढची गोष्ट आवर्जून सांगा, कारण मला ती दुसऱ्या चंद्राच्या बातमीपेक्षा मोठी वाटते. अशा कक्षेत फिरणारी वस्तू कधीकधी आपणच सोडलेला जुना रॉकेटचा तुकडाही असतो. २०२० एसओ ही वस्तू १९६६च्या सेंटॉर रॉकेटचा टप्पा निघाली. रॉकेटचा पोकळ पत्रा सूर्यप्रकाशाच्या दाबाने बराच ढकलला जातो. पीटी५ तसा ढकलला जात नव्हता, म्हणजे तो भरीव दगड. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश तपासला, तेव्हा तो चंद्रावरून आणलेल्या खडकांशी जुळला. कधीतरी चंद्रावर काहीतरी आदळलं आणि तिथून हा तुकडा उडाला, असा त्याचा अर्थ. तेव्हा ‘चंद्र’ नाही, पण चंद्राचा तुकडा बहुधा आहे!

पौर्णिमेला मुलाला साधी दुर्बीण देऊन चंद्राच्या दक्षिण भागातलं टायको विवर दाखवा. त्यातून चहूकडे गेलेले पांढरे पट्टे म्हणजे अशाच एका आघाताने उधळलेला माल. पीटी५ पुन्हा असाच जवळ येईल २०५५मध्ये. मुलगा तेव्हा एक्केचाळिशीचा असेल.

प्रश्न : लघुग्रहाला ‘पीटी५’ असलं नाव कशाला? – एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : तो शोधाचा पत्ता आहे. ‘पी’ म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा. दुसरं अक्षर आणि आकडा क्रम सांगतात. ‘आय’ वगळून २५ अक्षरांची पाच आवर्तनं झाली की १२५, आणि त्यापुढचं ‘टी’ हे एकोणिसावं. म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदवलेला हा १४४वा.