'चार्ज' या एकाच इंग्रजी शब्दाचे इतके वेगवेगळे अर्थ कसे?

तुमचा प्रश्न असा आहे: मोबाइल चार्ज होतो, हॉटेलवाला चार्ज लावतो, नवे साहेब चार्ज घेतात, पोलीस लाठीचार्ज करतात आणि बातमीत 'ही वॉज चार्ज्ड विथ मर्डर' असं वाक्य येतं. हे सगळे अर्थ सुटे सुटे पाठ करायचे, की त्यांना बांधणारा काही धागा आहे?

धागा आहे. मला तो पहिल्यांदा आमच्या सातबाऱ्यावर दिसला.

वडिलांनी विहिरीसाठी कर्ज काढलं होतं. ते फिटून बरीच वर्षं झाल्यावर एका बँकेचं इंग्रजी पत्र घरी आलं. तुमच्या जमिनीवर आमचा 'चार्ज' आहे, असं त्यात लिहिलेलं. वडिलांना वाटलं, कसली तरी फी द्यायची राहून गेली. ते खिशात पैसे घेऊनच बँकेत गेले. तिथल्या कारकुनाने उतारा मागून घेतला आणि 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे बँकेचं नाव होतं आणि पुढे 'बोजा' असा शब्द. कर्ज फिटलं होतं, बोजा उतरवायचा राहिला होता. मग कर्ज फिटल्याचा दाखला, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, असं सगळं झालं तेव्हा उतारा कोरा झाला.

बोजा चढवला, बोजा उतरवला. ही भाषा बैलगाडीची आहे, आणि इंग्रजीतला 'चार्ज'सुद्धा गाडीतूनच उतरलेला आहे. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे चाकांचं वाहन. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचं क्रियापद झालं, आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आलं. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडं. कॅरिकेचरसुद्धा. इटालियनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'लादलेलं', म्हणजे ज्या चित्रात नाक-कान मुद्दाम जास्त लादले आहेत ते.

म्हणून 'चार्ज' दिसला की मी दोनच गोष्टी शोधते: इथे गाडी कोण, आणि तिच्यावर काय लादलं?

साहेबांवर कामाची जबाबदारी लादली, तो पदभार. गिऱ्हाइकावर पैसे लादले, ते शुल्क. करावर आणखी कर लादला तर सरचार्ज, ज्याला आपण अधिभार म्हणतो. ठासणीच्या बंदुकीत दारू भरली तर तोही चार्ज, आपल्याकडचा 'बार भरणे' यातला बार. मराठी भाषांतरकारांनी यातल्या किती ठिकाणी 'भार' हाच शब्द ठेवला आहे पाहा! शाळेत प्रभारी मुख्याध्यापक असतात आणि त्याच शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात धनप्रभार आणि ऋणप्रभार असतात. मुलांना हे नातं कोणी दाखवत नाही याची मला खरंच हळहळ वाटते. एकदा दाखवलं की शब्द विसरायचा नाही.

विजेचा अर्थ बंदुकीच्या अर्थाला लागूनच आहे. 1740 च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांमध्ये वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. वीज हा एक प्रवाही पदार्थ आहे, तो भरता येतो आणि रिकामा करता येतो, अशी त्याची कल्पना. जिथे तो जास्त भरला तिथे अधिक, जिथे कमी पडला तिथे उणे. बरण्यांच्या रांगेला त्याने 'बॅटरी' म्हटलं, आणि हा शब्द तोफांच्या रांगेचा होता. आपण फोन चार्जिंगला लावतो तेव्हा हीच भरण्याची कल्पना वापरतो. फोनवर लिहिलेला 5,000 मिलिअँपिअर-तास हा आकडा म्हणजे 18,000 कुलोम (कुलोम हे प्रभार मोजायचं एकक) प्रभार, बॅटरीत मावणारा माल.

आता तुमच्या बातमीकडे येते. इथे थोडं थांबायला हवं, कारण मी बरीच वर्षं न्यायालयीन कागदांची भाषांतरं केली आहेत आणि या एका शब्दाने माणसांच्या नावाचं किती नुकसान होतं ते पाहिलं आहे.

'चार्ज्ड विथ मर्डर' म्हणजे खुनाचा आरोप ठेवला. खून केला असं नाही, दोषी ठरला असंही नाही. आरोपाचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलं, एवढंच. 'आरोप' या संस्कृत शब्दातही वर चढवण्याचाच अर्थ आहे. पण आपल्याकडे हे ओझं एका दमात चढत नाही. आधी गुन्हा दाखल होतो, म्हणजे एफआयआर. आपली इंग्रजी वृत्तपत्रं त्याला 'बुक्ड' म्हणतात. मग तपास होऊन पोलीस न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करतात, ते चार्जशीट. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि खटला चालवण्याइतका आधार दिसला तर आरोप निश्चित करतात. याला 'फ्रेमिंग ऑफ चार्ज' म्हणतात. तिथून पुढे साक्षीपुरावे आणि सर्वांत शेवटी निकाल. म्हणजे भारतातल्या बातमीत 'चार्ज्ड' शब्द आला की आधी विचारायचं: चार्जशीट झालं आहे, की चार्ज फ्रेम झाला आहे? पहिलं काम पोलिसांचं, दुसरं न्यायालयाचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी हा क्रम तोच आहे. या शब्दासाठी 'दोषी' लिहिणारं भाषांतर मी कधीही मान्य करणार नाही.

न्यायाधीशांना आधारच दिसला नाही तर आरोपी 'डिस्चार्ज' होतो. म्हणजे खटल्याआधीच ओझं उतरवलं. मराठीत याला दोषमुक्त म्हणतात. खटला पूर्ण चालून सुटला तर ती निर्दोष मुक्तता, आणि तिला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'अक्विटल'. बातम्यांमध्ये या दोन्ही गोष्टी सर्रास एक केल्या जातात. डिस्चार्ज दवाखान्यातूनही मिळतो, बॅटरीलाही होतो, आणि पावसाळ्यात कोयनेच्या दरवाजातून इतके क्युसेक विसर्ग, असं आपण ऐकतो तो विसर्गही इंग्रजीत डिस्चार्जच. सगळीकडे भरलेलं बाहेर पडतं. उलट विहिरीच्या पुनर्भरणाला रिचार्ज म्हणतात. मोबाइलच्या रिचार्जपेक्षा मला हा रिचार्ज जास्त आवडतो.

उरला लाठीचार्ज, म्हणजे चालून जाण्याचा अर्थ. मी तो असा लक्षात ठेवते की घोडेस्वार भाला पुढे धरून घोड्यासकट सगळं वजन शत्रूवर घालतो. 25 ऑक्टोबर 1854 ला क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावा इथे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाने थेट तोफांवर असाच चार्ज केला. आपली वृत्तपत्रं लाठीमार लिहितात, तो शब्द उत्तम आहे.

वाक्यात नेमका कोणता अर्थ आहे हे पुष्कळदा मागचा-पुढचा छोटा शब्द सांगतो. 'चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा आरोप. 'चार्ज्ड फॉर द ग्लास' म्हणजे फुटलेल्या ग्लासचे पैसे लावले. आपली मुलं इथे हमखास चुकतात आणि 'चार्ज्ड फॉर थेफ्ट' लिहितात. 'चार्ज ॲट' आलं की कोणीतरी अंगावर धावून जातंय, बैल असो वा माणूस. 'चार्ज ऑन द लँड' म्हणजे आमचा तो बोजा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात याला गहाणापासून वेगळं ठेवलं आहे: गहाणात मालमत्तेतला हक्क काही प्रमाणात दुसऱ्याकडे जातो, चार्जमध्ये मालमत्ता फक्त पैशासाठी तारण राहते.

एक जोडी मात्र वहीत लिहूनच ठेवा. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात आहे. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' याचाही अर्थ तोच, मूल नर्सच्याच ताब्यात. पण त्या दुसऱ्या वाक्यातला छोटासा 'द' गाळलात तर मूलच नर्सला सांभाळायला लागतं.