फुलटोच्या: फुले टोचणारा की फळे खाणारा?

प्रश्न असा आहे: 'फुलटोच्या बहुतेक वेळा फळेच खाताना दिसतो, मग हे नाव चुकले नाही का? आणि असे दोन पक्षी दिसले तर "दोन फुलटोच्या" म्हणायचे का?'

नाव चुकलेले नाही. उलट मला ते फार नेमके वाटते, आणि त्याचे कारण 'टोचणे' या क्रियापदात आहे. चोच मारणे वेगळे, टोचणे वेगळे. काटा टोचतो, सुई टोचते, सोनार कान टोचतो. टोचण्यात अणकुचीदार टोक आत शिरते, भोक पडते.

आता हा पक्षी पाहा. आपल्याकडे सर्रास दिसणारा फिक्या चोचीचा फुलटोच्या जेमतेम ८ सेंटिमीटरचा. भारतातल्या सर्वांत छोट्या पक्ष्यांत त्याची गणना होते. तो असतो बांडगुळाच्या आसपास. बांडगुळाच्या काही जातींत टपोरी कळी आपणहून उमलत नाही. फुलटोच्या तिचे टोक चिमटतो, तशी ती फट्‌कन फुटते, पराग त्याच्या डोक्यावर उडतात आणि त्याला मध मिळतो. म्हणजे इथे टोचल्याशिवाय फूलच होत नाही! परिसंस्थाशास्त्रज्ञ प्रिया दावीदार यांनी निलगिरीत केलेल्या अभ्यासात याहून गमतीची गोष्ट पुढे आली. काही बांडगुळांची उमलायला आलेली कळी आणि पिकलेले फळ दिसायला इतके सारखे असतात, की फळाच्या शोधात आलेला पक्षी कळीही टोचून पाहतो. तेव्हा फुले की फळे, हा वाद खुद्द झाडानेच मिटवला आहे.

बांडगुळाच्या फळातली बी चिकट असते. ती विष्ठेतून बाहेर पडली तरी पक्ष्याला चिकटूनच राहते, म्हणून तो अंग फांदीवर घासतो. बी तिथेच रुजते आणि आंब्यावर नवे बांडगूळ उगवते. आपण 'बांडगूळ' शिवीसारखे वापरतो, पण त्याची पाने हिरवी असतात. ते झाडाकडून पाणी आणि क्षार घेते, अन्न बरेचसे स्वतः तयार करते.

राहिले अनेकवचन. 'फुलटोच्या' ची घडण 'लाकूडतोड्या', 'पाणक्या' यांच्यासारखी आहे: एकवचनी, पुल्लिंगी. त्यांची अनेकवचने लाकूडतोडे, पाणके. त्याच न्यायाने फुलटोचे. 'दोन फुलटोच्या' वाचले की 'दोन पाणबुड्या' सारखे स्त्रीलिंगी वाटू लागते. (जाता जाता: 'टोचणे' मधला च 'चहा'तल्यासारखा नाही, 'चाक' मधल्यासारखा आहे. य जोडला की मात्र तो मऊ होतो, म्हणून 'टोच्या' तला च 'चहा'तला.) विभक्तीत फुलटोच्याला, फुलटोच्यांना. आणि वाक्यात: आंब्यावरच्या बांडगुळात सकाळपासून दोन फुलटोचे आले आहेत.